शरीरातल्या बारा नद्या

अ‍ॅक्युप्रेशरचे साहित्य विकणाऱ्या दुकानात, फिजिओथेरपीच्या दवाखान्यात, आणि हल्ली काही हिजामा सेंटरमध्येही भिंतीवर एक चित्र टांगलेले दिसते. एक उभा माणूस, त्याच्या अंगावर डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत रंगीत रेषा, आणि रेषांवर मोत्यांसारखे ओवलेले ठिपके. असे एक चित्र एका विद्यार्थ्याने वर्गात आणले आणि विज्ञानाच्या पुस्तकाशेजारी ठेवून विचारले, "या नसा आहेत की रक्तवाहिन्या? पुस्तकात तर यातली एकही नाही." प्रश्न रास्त होता. ज्या घरांत आता सुया, रोलर आणि चुंबकाच्या चपला पोहोचल्या आहेत, त्या घरांतल्या मोठ्यांनाही तो पडायला हवा. या रेषा नेमक्या कशाच्या आहेत? त्या कुणी काढल्या, कशावरून काढल्या, आणि त्यांच्यावर कितपत विसंबावे?

आधी शब्द पाहू. चिनी वैद्यकात या रेषांना 'जिंग-लुओ' म्हणतात. 'जिंग' म्हणजे मागावरचा उभा धागा, 'लुओ' म्हणजे जाळे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या वाचकांना ताणा म्हणजे काय हे आम्ही सांगायला नको. उभे ताणे डोक्यापासून पायापर्यंत जातात आणि आडव्या बारीक फाट्यांचे जाळे त्यांना एकमेकांशी जोडते, अशी ही कल्पना आहे. हाच 'जिंग' शब्द चिनी भाषेत पायाभूत ग्रंथासाठीही वापरतात, कारण ज्याच्या आधाराने बाकीचे विणले जाते तो ग्रंथ. चीनमधले मुसलमान कुरआन शरीफला 'गूलान-जिंग' म्हणतात, त्यातला जिंग हाच. याहून जुना शब्द आहे 'माय'. त्याच्या चिनी अक्षरात एका बाजूला मांसाची खूण आणि दुसऱ्या बाजूला फाटे फुटलेल्या ओढ्याची खूण आहे. मांसातून वाहणारा ओढा, एवढे सारे त्या एका अक्षरात सामावले आहे.

या ओढ्यातून काय वाहते? रक्त, आणि रक्ताबरोबर 'छी'. आजची पुस्तके 'छी'चे भाषांतर ऊर्जा असे करतात आणि वाचणाऱ्याला वाटते की विजेसारखे काही तरी असावे. मूळ अक्षरात वाफेची आणि तांदळाची खूण आहे, म्हणजे शिजत्या भातावरून उठणारी वाफ. श्वास, वाफ, हवा, जीव चालवणारे सूक्ष्म काही तरी, असा तो अर्थ. युनानी जाणणाऱ्या घरांना हे फार परके वाटणार नाही. आपल्या हकिमांच्या ग्रंथांतही तीन 'रूह' सांगितल्या आहेत. यकृतातून शिरांवाटे जाणारी रूह-ए-तबई, हृदयातून धमन्यांवाटे जाणारी रूह-ए-हैवानी, आणि मेंदूतून नसांवाटे जाणारी रूह-ए-नफ्सानी. शरीरात अदृश्य काही तरी वाहते आणि ते अडले की माणूस आजारी पडतो, हा विचार एकट्या चीनचा नव्हता.

आता या रेषांचा जन्म पाहू. १९७३ साली हुनान प्रांतातल्या छांगशा शहराजवळ मावांगदुई येथे एक जुनी कबर उघडली गेली. ती इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद झाली होती. आत रेशमी कापडावर लिहिलेले ग्रंथ निघाले आणि त्यांत या 'माय'ची सर्वांत जुन्या वर्णनांपैकी काही सापडली. ती वाचून अभ्यासक चकित झाले, कारण त्यांत बारा नव्हे, अकरा वाहिन्या होत्या. त्या एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. बहुतेक हातापायांच्या टोकांकडून निघून धडाकडे किंवा डोक्याकडे जात होत्या. ठिपके, म्हणजे टोचण्याचे नेमके बिंदू, कुठेच नव्हते. सुईचाही उल्लेख नव्हता. उपचार होता तो शेक देण्याचा. दवण्याच्या जातीची एक वनस्पती वाळवून, कुटून, तिची गोळी करायची आणि ती पेटवून त्या वाहिनीवर डाग किंवा ऊब द्यायची.

म्हणजे भिंतीवरचे चित्र पाच हजार वर्षांपासून जसेच्या तसे चालत आले आहे, असे दुकानदार सांगतो ते खरे नाही. ते हळूहळू रचले गेले.

ही रचना पूर्ण झालेली दिसते ती 'हुआंगदी नेइजिंग' या ग्रंथात. पीतसम्राट आपल्या वैद्याला, छीबोला, प्रश्न विचारतो आणि वैद्य उत्तरे देतो, असा हा संवाद आहे. सम्राट पुराणातला आहे. ग्रंथ मात्र साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास निरनिराळ्या हातांनी लिहिलेल्या तुकड्यांतून बनला असे मानतात. त्याच्या 'लिंगशू' या भागात अकराच्या बारा वाहिन्या झाल्या आहेत, त्या एकमेकींना जोडल्या गेल्या आहेत आणि एक बंद वर्तुळ तयार झाले आहे. बाराच का? वर्षाचे महिने बारा. बिंदू किती? वर्षाचे दिवस जितके तितके, ३६५. त्या काळी प्रत्यक्षात एवढ्या बिंदूंची नावेही नव्हती, पण आकडा ठरून गेला होता. एका प्रकरणात तर बारा वाहिन्यांची सांगड चीनच्या बारा जलप्रवाहांशी घातली आहे. फुफ्फुसाची वाहिनी म्हणजे पीत नदी, मोठ्या आतड्याची म्हणजे यांगत्से, जठराची म्हणजे समुद्र.

हे नुसते काव्य नव्हते. त्या काळी चीनमध्ये एक मोठे साम्राज्य नुकतेच एकत्र आले होते. कालवे खणले जात होते, धान्याच्या नावा एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जात होत्या. कालवा तुंबला की एकीकडे पूर आणि दुसरीकडे दुष्काळ, हे रोजचे डोळ्यांसमोरचे दृश्य होते. ज्या लोकांनी देश असा पाहिला, त्यांनी शरीरही तसेच पाहिले. रोग म्हणजे तुंबलेला कालवा, वैद्य म्हणजे पाटबंधाऱ्यांचा अधिकारी.

गणिताचा एक नमुना सांगतो. शिक्षकाला राहवत नाही. लिंगशूमध्ये सगळ्या वाहिन्यांची लांबी दिली आहे. हाताच्या सहा 'यांग' वाहिन्या प्रत्येकी ५ फूट, हाताच्या सहा 'यिन' प्रत्येकी साडेतीन, पायाच्या सहा यांग प्रत्येकी ८, पायाच्या सहा यिन प्रत्येकी साडेसहा, शिवाय साडेसात फुटांच्या दोन आणि साडेचार फुटांच्या दोन. हे चिनी फूट आहेत, दहा इंचांचा एक. एकूण वाहिन्या २८, एकूण लांबी १६२ फूट. माणसाच्या एका श्वासोच्छ्वासात छी ६ इंच पुढे सरकते. म्हणजे २७० श्वासांत एक फेरी. एका दिवस-रात्रीत ५० फेऱ्या, म्हणून श्वास १३,५००. हिशेब चोख जुळतो. पण आता घड्याळ लावून मोजा. १३,५०० श्वास म्हणजे मिनिटाला साधारण नऊ. निवांत बसलेला निरोगी प्रौढ माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो, म्हणजे दिवसाला १७ हजारांच्या खाली तो येतच नाही. मग हा आकडा आला कुठून? ग्रंथच सांगतो की २८ वाहिन्या या आकाशातल्या चंद्राच्या २८ मुक्कामांशी जुळतात, ज्यांना अरबीत मनाजिले-कमर म्हणतात. माणसाचे शरीर आकाशाशी जुळलेच पाहिजे हे आधी ठरले आणि श्वास नंतर बसवले गेले. उत्तर पाहून गणित सोडवणारी मुले आम्हाला दरवर्षी भेटतात, त्यामुळे ही पद्धत लगेच ओळखू आली.

पण एवढ्यावरून सगळेच हवेतले म्हणून सोडून देणे हा अन्याय होईल. या रेषांत खरी निरीक्षणेही आहेत.

वाहिन्यांचा मार्ग समजायला सोपा आहे. दोन्ही हात वर करून उभे राहा. हाताच्या आतल्या बाजूने तीन यिन वाहिन्या छातीकडून बोटांकडे जातात. हाताच्या बाहेरच्या बाजूने तीन यांग वाहिन्या बोटांकडून डोक्याकडे येतात. तिथून पायाच्या तीन यांग वाहिन्या डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत उतरतात, आणि पायाच्या आतल्या बाजूने तीन यिन पुन्हा पोटाकडे, छातीकडे चढतात. फुफ्फुसापासून सुरुवात, यकृतावर शेवट, आणि मग परत फुफ्फुस. प्रत्येकीच्या वाट्याला दिवसाचे दोन तास.

यातली मोठ्या आतड्याची वाहिनी तर्जनीच्या टोकाला सुरू होते. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या मांसल भागावरून, कोपराच्या बाहेरून, खांद्यावरून मानेत शिरते. तिची एक शाखा गालातून खालच्या दातांकडे जाते आणि शेवट नाकाजवळ होतो. म्हणून दात दुखला की वैद्य अंगठ्याजवळच्या त्या मांसल जागी सुई टोचतो. या बिंदूचे नाव 'हेगू', म्हणजे जिथे दऱ्या मिळतात ती जागा. दात तोंडात आणि सुई हातात का, याचे उत्तर ही रेषा देते.

मूत्राशयाची वाहिनी सर्वांत जास्त बिंदूंची, ६७. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून टाळूवरून, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी, मांडी-पोटरीच्या मागून पायाच्या करंगळीपर्यंत. ज्यांच्या घरात कुणाला 'इर्कुन्निसा', म्हणजे सायटिका, झाला आहे त्यांनी ही रेषा बोटाने पायावरून काढून पाहावी. कळ जाते तीच वाट आहे. आणि हृदयाची वाहिनी काखेतून निघून हाताच्या आतल्या बाजूने करंगळीला पोहोचते. छातीत दुखत असताना डाव्या हातात उतरणारी कळ आजही डॉक्टर रुग्णाला मुद्दाम विचारतात. कुणी तरी दोन हजार वर्षांपूर्वी रुग्णाजवळ बसून "कुठून कुठे दुखते?" असे शांतपणे विचारले असणार आणि त्याने बोटाने दाखवलेली वाट लिहून ठेवली असणार, असे आम्हाला वाटते.

मग निरीक्षणांच्या मधल्या रिकाम्या जागा आकड्यांनी आणि तर्काने भरल्या गेल्या. बारा वाहिन्यांसाठी बारा अवयव हवेत, तर 'सान-जिआओ', म्हणजे तीन चुली, नावाचा एक अवयव आला. चिनी ग्रंथच त्याच्याविषयी म्हणतात की याला नाव आहे पण आकार नाही. भिंतीवरच्या चित्रात त्याचीही रंगीत रेषा असते.

चिनी लोकांनी शरीर उघडून पाहिले नाही असेही नाही. इसवी सन १६ मध्ये वांग मांग या राजाच्या हुकुमावरून एका मृत्युदंड झालेल्या बंडखोराचे शव राजवैद्य आणि एक कुशल खाटीक यांनी मिळून उघडले. अवयव मोजले आणि वाहिन्या कुठे सुरू होऊन कुठे संपतात हे पाहण्यासाठी त्यांत बांबूच्या बारीक काड्या घातल्या. हे त्यांच्या इतिहासग्रंथात नोंदलेले आहे. पण हा रस्ता पुढे चालू राहिला नाही. सांगाती मिळाला तो फार उशिरा. वांग छिंगरेन (१७६८-१८३१) या वैद्याने साथीत मेलेल्या मुलांची उघडी पडलेली प्रेते, फाशीच्या जागा, सगळे स्वतः जाऊन पाहिले आणि १८३० मध्ये पुस्तक लिहून सांगितले की आपल्या पूर्वजांनी काढलेली शरीराची चित्रे चुकीची आहेत. त्याला पुष्कळ शिव्या खाव्या लागल्या.

इथे आम्हाला आपल्याकडच्या एका वैद्याची आठवण होते. जालीनूस, म्हणजे गॅलेन, याने लिहिले होते की हृदयाच्या उजव्या कप्प्यातून डाव्या कप्प्यात रक्त मधल्या पडद्याच्या सूक्ष्म छिद्रांतून जाते. इब्न सीनाच्या 'कानून'मध्येही तेच आले आणि शतकानुशतके कुणी शंका घेतली नाही. दमास्कसमध्ये शिकलेल्या आणि काहिरा येथे काम करणाऱ्या इब्न अन-नफीसने १२४२ मध्ये कानूनच्या शरीररचनेवर भाष्य लिहिताना स्पष्ट सांगितले की हा पडदा जाड आहे, त्यात छिद्रे नाहीत, रक्त फुफ्फुसांतून फिरून डावीकडे येते. ज्याच्यावर भाष्य लिहायचे त्या उस्तादाचा अदब राखून त्याची चूक दाखवणे, हे त्यांनी केले. हे हस्तलिखित १९२४ मध्ये बर्लिनच्या ग्रंथालयात मुहियुद्दीन ततावी या इजिप्शियन डॉक्टरच्या नजरेस आले, तेव्हा जगाला त्याची खबर लागली.

चिनी वैद्यक आणि मुस्लिम जगाची गाठही त्याच काळात पडली. इराणच्या मंगोल दरबारातला वजीर रशीदुद्दीन फजलुल्लाह, जो स्वतः तबीब होता, त्याने तबरेज येथे चिनी वैद्यकग्रंथांचे फारसी भाषांतर करवून घेतले. 'तनसूकनामा' या त्या ग्रंथाची १३१३ मधली प्रत इस्तंबूलला आहे. तिचा मुख्य विषय नाडीपरीक्षा, म्हणजे नब्ज. चिनी वैद्य दोन्ही मनगटांवर प्रत्येकी तीन जागी बोटे ठेवतो आणि प्रत्येक जागेवरून वेगळ्या अवयवाची हालत सांगतो. हे हकिमांना ओळखीचेही वाटले असेल आणि अजबही. आपले काय, परक्याचे काय, हे न पाहता रशीदुद्दीनने ते लिहून घेतले. पुढे दरबारी कारस्थानात १३१८ मध्ये त्याला मृत्युदंड झाला.

त्याआधी, १०२७ च्या सुमारास, चीनमध्ये वांग वेइयी या राजवैद्याने काशाचे दोन पुतळे बनवले होते. अंगावर बिंदूंच्या जागी छिद्रे. परीक्षेच्या वेळी पुतळ्यात द्रव भरून बाहेरून मेण लावायचे. विद्यार्थ्याने सुई बरोबर जागी टोचली तर द्रव बाहेर येई, चुकली तर सुई आत जातच नसे, असे वर्णन आहे. परीक्षा म्हणून फारच सुरेख! पण ती 'पुतळ्यावर बिंदू कुठे आहे' याची परीक्षा होती. माणसाच्या शरीरात तो आहे का, याची नव्हती.

नंतरचा इतिहास चढउतारांचा आहे. १८२२ मध्ये चिनी बादशहाने राजवैद्यक संस्थेतला सुईचा विभागच बंद केला. पुढे माओच्या राजवटीत, डॉक्टर कमी आणि माणसे अफाट, तेव्हा सरकारने ही विद्या पुन्हा वर आणली आणि नेटकी पाठ्यपुस्तके तयार करवली. मधल्या काळात जॉर्ज सूलिए द मोरां या फ्रेंच माणसाने युरोपला तिची ओळख करून दिली. त्याने या वाहिन्यांसाठी 'मेरिडियन' शब्द रूढ केला. भूगोलात मेरिडियन म्हणजे रेखावृत्त. गंमत अशी की रेखावृत्त नकाशावर असते, जमिनीवर नसते. दिल्लीहून दक्षिणेला चालत गेलात तर पायाला कुठेही रेघ लागत नाही.

शरीरात ती रेघ सापडते का, हे शोधण्याचे प्रयत्न मात्र खूप झाले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर कोरियाच्या किम बोंग-हान याने आपल्याला या वाहिन्यांच्या नळ्याच सापडल्या असे जाहीर केले. इतरांना त्या तशा दाखवता आल्या नाहीत आणि काही वर्षांत त्याचे नावही ऐकू येईनासे झाले. १९८५ मध्ये फ्रान्समध्ये बिंदूवर किरणोत्सारी द्रव्य टोचून ते रेषेवरून सरकते असे दाखवले गेले. इतरांनी तपासल्यावर ते नेहमीच्या शिरा आणि लसीकावाहिन्यांतूनच वाहत असल्याचे दिसले. कातडीचा विद्युत्-रोध मोजणारी यंत्रेही निघाली, ती आजही शिबिरांत 'तुमची किडनीची लाइन ब्लॉक आहे' असे सांगायला वापरतात. कातडी घामाने ओली आहे की कोरडी, यंत्र किती दाबून धरले, एवढ्यानेही त्यांचे आकडे बदलतात. आजवर कुणाच्याही सूक्ष्मदर्शकाखाली या वाहिन्या म्हणून वेगळी नळी निश्चितपणे आलेली नाही.

मग सुईने बरे वाटते ते खोटे का? नाही. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, २००७ मध्ये तिचे निष्कर्ष छापले गेले. रुग्णांचे तीन गट. एकाला चिनी ग्रंथांप्रमाणे बिंदूंवर सुया, दुसऱ्याला बिंदू आणि वाहिन्या मुद्दाम टाळून भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्याला नेहमीचा औषध-व्यायामाचा उपचार. सहा महिन्यांनी पहिल्या गटात ४७.६ टक्के लोकांना चांगला फरक होता. भलत्या जागेच्या गटात ४४.२ टक्के. नेहमीच्या उपचारात २७.४ टक्के. हे तीन आकडे आम्ही पुन्हापुन्हा वाचले. सुईने फायदा झाला, पण रेषेवर टोचली की रेषेबाहेर, याने जवळजवळ काहीच बिघडले नाही. पुढे २०१८ मध्ये ३९ चाचण्यांतल्या वीस हजारांवर रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा जुनाट दुखण्यात खऱ्या सुया नकली सुयांपेक्षा सरस ठरल्या, पण तो फरक लहान होता.

जागेला अजिबात महत्त्व नाही असेही नाही. मनगटाच्या आतल्या बाजूच्या एका बिंदूवर दाब किंवा सुई दिल्याने ऑपरेशननंतरची मळमळ कमी होते, याला बऱ्यापैकी आधार आहे. २०२१ मध्ये हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर केलेले काम छापले. गुडघ्याखालच्या 'झुसानली' बिंदूच्या जागी सौम्य विजेची सुई दिली की शरीरातली सूज कमी करणारी यंत्रणा जागी होत होती, पोटावर दिली की होत नव्हती. कारण त्यांनी शोधले ते असे की पायाच्या खोल भागात एका विशिष्ट प्रकारच्या चेतापेशींची टोके आहेत. निरोप जातो तो पायातून मज्जारज्जूत, तिथून मेंदूत आणि मेंदूतून नसेवाटे मूत्रपिंडावरच्या ग्रंथीकडे. म्हणजे नकाशावरचे गाव खरे निघाले, पण तिथे पोहोचणारा रस्ता नकाशात होता तो नव्हे.

आता या सगळ्याचा आपल्या घराशी काय संबंध, ते सांगतो.

आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात, मोहल्ला त्यांना चाचा म्हणतो. गेल्या हिवाळ्यात एका पहाटे त्यांचा डावा हात काखेपासून करंगळीपर्यंत दुखू लागला. घरात एका शिबिरातून आणलेला चार्ट होता. मुलाने तो पाहिला, हृदयाची वाहिनी अगदी त्याच वाटेने जात होती. शिबिरात शिकवल्याप्रमाणे त्याने मनगटाजवळचा आणि करंगळीचा बिंदू दाबायला सुरुवात केली. मध्ये थोडे बरे वाटले, पुन्हा दाबले. असे दोन तास गेले. मग चाचींचा आम्हाला फोन आला, "जरा येता का? ह्यांना घाम सुटलाय, आणि पोरगा म्हणतो लाइन मोकळी होतेय म्हणून घाम येतोय." आम्ही रिक्षा घेऊनच गेलो. चाचा वाचले, अल्हम्दुलिल्लाह. पण डॉक्टरांनी सांगितले की दोन तास आधी आले असते तर हृदयाचा जो भाग आता कमकुवत राहिला आहे तो राहिला नसता. आता ते मशिदीच्या पायऱ्या दोनदा थांबून चढतात.

यात विशेष दुःखाची गोष्ट अशी की चार्टवरची ती रेषा खोटी नव्हती. हृदयाचे दुखणे हातात उतरते हे त्या जुन्या चिनी वैद्याने बरोबर पाहिले होते. ती रेषा हे लक्षण होते, आणि मुलाला शिकवले गेले की तोच उपचाराचा दरवाजा आहे. म्हणून छातीत, जबड्यात, डाव्या हातात कळ, घाम, धाप, यांतले काही असेल तर कुठलाही बिंदू दाबत बसू नका. १०८ ला फोन करा.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन, रक्तदाबाचे औषध, थायरॉइडची गोळी, यांतले काहीही 'वाहिनी मोकळी झाली' म्हणून बंद करू नये. ज्यांच्या तळपायाची संवेदना मधुमेहाने कमी झाली आहे, त्यांनी काटेरी रोलर, टोकदार चपला आणि शेक यांपासून दूर राहावे. जखम होते आणि कळत नाही. गरोदर बहिणींवर काही बिंदू, हेगू त्यांतलाच, चिनी परंपराही टाळायला सांगते. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर आधी सांगावे. छाती-खांद्याच्या भागात अननुभवी हाताने खोल टोचलेली सुई फुफ्फुसापर्यंत जाऊन प्राणावर बेतल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत.

आणि हिजामा सेंटरमधल्या त्या चार्टविषयी. हिजामा हा आपल्या परंपरेतला उपचार, त्याचे युनानी स्पष्टीकरण अख्लात आणि मिजाज यांवर उभे आहे. छी, यिन-यांग आणि तीन चुली हे वेगळ्या देशाचे, वेगळ्या विचाराचे. दोन्ही एकाच भिंतीवर टांगल्याने एकाने दुसरे सिद्ध होत नाही. कप लावणाऱ्याने 'हा किडनीचा पॉइंट' असे सांगितले तर तो हकिमी सांगतो आहे की चिनी, हे विचारायला हरकत नाही.

कंबर, मान, गुडघा यांचे जुनाट दुखणे, वारंवारची डोकेदुखी, यांसाठी डॉक्टरांना दाखवून, तपासण्या करून, मग कुणाला सुईचा उपचार करून पाहायचा असेल तर आमचा विरोध नाही. भारतात ही विद्या आली तिच्यामागे तर महाराष्ट्राशी नाते असलेली एक हकीगत आहे. १९३८ मध्ये युद्धग्रस्त चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर होते. कोटणीस १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांचे साथी कोलकात्याचे बिजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, सुईची विद्या शिकून आले आणि कोलकात्यात ती शिकवू लागले. आज महाराष्ट्रात या उपचारासाठी स्वतंत्र कायदा आहे आणि नोंदणी करणारी परिषद आहे. तेव्हा सुई टोचणाऱ्याला दोन गोष्टी विचाराव्यात. नोंदणी क्रमांक काय? आणि सुई नवी आहे का? सीलबंद पाकीट आपल्या डोळ्यांदेखत फुटले पाहिजे आणि वापरलेली सुई आपल्या डोळ्यांदेखत कचऱ्याच्या डब्यात गेली पाहिजे. उकळून पुन्हा वापरलेल्या सुईतून कावीळ ब घरात येऊ शकते.

किती बैठका, किती पैसे, आणि किती बैठकांनंतर फरक पडला नाही तर थांबायचे, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावे. जर्मनीतल्या चाचणीत दहा बैठका होत्या. चाळीस बैठकांचे पैसे आगाऊ मागणारा माणूस भेटला, तर चहा पिऊन घरी परत यावे.